पूरक करार क्रमांक एकेचाळीस

एल सेगुंडोला, तेलशुद्धीच्या चिमण्यांच्या अलीकडे,
तिसऱ्या मजल्यावर विल्मा त्सुकामोटो बसते.
खिडकीतून समुद्र दिसतो, फुटपट्टीएवढा.
एकतीस वर्षं ती आकाश विकत घेते आहे,
हप्त्याहप्त्याने.

पहिला उपग्रह मागवला तेव्हा मुलगी पोटात होती.
तो वर गेला त्या आठवड्यात
मुलीने गाडीचा परवाना काढला.
मधल्या काळात चार जनरल आले,
एकेक अँटेना वाढवून बदलून गेले.
वजन वाढलं, म्हणून किंमत वाढली,
किंमत वाढली म्हणून एकच घ्यायचं ठरलं,
एकच, म्हणून तो बिघडता कामा नये,
म्हणून आणखी दोन वर्षं चाचण्या.
ड्वेन पुलियम म्हणायचा,
हा उपग्रह नाही, नवसाचा मुलगा आहे.

आता धोरण बदललंय.
लहान घ्या, पुष्कळ घ्या, दर दोन वर्षांनी घ्या,
पडले तर पडू द्या.
नवा कॅप्टन पृथ्वीच्या चित्राभोवती ठिपके टाकतो,
पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसे.
विल्मा एवढंच विचारते:
आणि खाली ऐकणार कोण?

तिला तो मोठा आठवतो.
पोचला, पंख उघडले, बोलू लागला,
शत्रूला न फुटणाऱ्या भाषेत, स्वच्छ.
आणि ऐकायचे रेडिओ
दुसऱ्या कचेरीच्या दुसऱ्या फायलीत.
वरात आभाळात,
घोडे अजून निविदेत.
पाच वर्षं तो एकटाच बोलला.
पंधरा वर्षांचं आयुष्य, त्यातली पाच.
तेव्हा कुठल्याशा डोंगरावर एक पोरगा
जुन्या रेडिओत विचारत होता, ऐकू येतंय का,
ऐकू येतंय का.
त्याचं पुढे काय झालं
ते या मजल्यावर येत नाही.
विलंबाच्या रकान्यात महिने भरायचे असतात.

आज टेबलावर त्याचाच शेवटचा कागद.
इंधन संपत आलं.
उरलेल्या थेंबांवर त्याला तीनशे किलोमीटर वर ढकलायचं,
मेलेल्यांच्या कक्षेत,
मग प्रक्षेपक बंद. खर्च: ठरल्याप्रमाणे.
ती सही करते.
मग पेन्सिलीने समासात लिहिते,
बंद करण्यापूर्वी कोणी ऐकत आहे का, खात्री करावी.
विधी विभाग हे खोडणार.
तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर पेन्सिल.

साडेबारा वाजलेत. डबा उघडते.
गार भात, मधोमध
खारवलेलं एक लाल आंबट फळ.