नऊशे अठ्ठ्याहत्तर

खमितकर सर उदगीरच्या स्टँडवर उतरले
तेव्हा ऐन मे, आणि हातावर लोकरीचा ओव्हरकोट.
ॲबर्डीनचा. तिकडं सात वर्षं विद्यापीठात शिकवलं,
दारावर पितळी पाटी होती म्हणे नावाची.
टपावरची ट्रंक मीच उतरवली.
नाव काय? मशाक.
काम? लॅब झाडतो, सर.
मोजता येतं का?
म्हणलं, शंभरापर्यंत येतं.
पुरे, म्हणाले.

खिडक्या लावायच्या, पंखा बंद,
मग केटरचा लोलक टांगायचा.
या धारेवर झुलवायचा, उलटा करून त्या धारेवर.
त्यांच्या हातात घड्याळ, माझ्या तोंडात आकडे.
घाम हनुवटीपर्यंत यायचा, पुसायचा नाही.
कोट तेवढा गॅल्व्हॅनोमीटरच्या अंगावर, उंदरं लागू नयेत म्हणून.
कुणी दार वाजवलं तर सर नुसतं बोट वर करायचे.
मोजणी मोडायची नसते.

पोरं मागल्या साली पास झालेल्यांच्या जर्नलातून
नऊशे एक्क्याऐंशी उतरवायची.
सर खोडायचे. लाल शाईनं नाही, शिसपेन्सिलीनं.
हा आकडा पुस्तकातला, गार मुलखाचा.
उदगीरचा नऊशे अठ्ठ्याहत्तर. आपण काढलाय.
एका वर्षी बाहेरच्या परीक्षकानं
असला खरा आकडा लिहिणारी अकरा पोरं नापास केली.
सरांनी विद्यापीठाला सोळा पत्रं घातली.
टपालाचे पैसे स्वतःचे.
पोरं दिवाळीच्या तोंडावर पास झाली.
सर रीडर झाले नाहीत.
त्या वर्षीही नाहीत, पुढंही नाहीत.

एकदा मी धीर करून विचारलं,
ह्या तीनाचा फरक म्हणजे काय ओ?
म्हणाले, इथली ओढ जराशी कमी भरते, मशाक.
तिकडं जास्त.
मग तुम्ही माघारी कसे काय आलात?
लोलक झुलत होता.
त्यांनी बोट वर केलं.

त्र्याण्णवला पहाटे जमीन हलली.
काचेचं कपाट पालथं पडलं, सर बघायला आले नाहीत.
गॅल्व्हॅनोमीटरवरचा कोट ओढून घेतला
आणि किल्लारीकडं निघालेल्या ट्रकात बसले.
वर पाऊस लागलेला.
नवव्या दिवशी आले ते कोटाशिवाय.
कुणाला पांघरला, सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
त्या वर्षी हजेरी घेताना
सोळा नंबरला थांबायचे, एकतीसला थांबायचे,
जणू पोरगं जिन्यात असेल, येतंय.

निरोप समारंभात शाल, नारळ,
आणि भाषणात तिघांनी स्कॉटलंड वेगवेगळं उच्चारलं.
सर हसले. चहा बशीत ओतून प्याले.

आता नवी इमारत झालीय. लोलक स्टोअरात.
माझीही सहा महिने राहिलीत.
दुपारी कुणी नसलं की धूळ पुसतो,
धारेवर ठेवतो, हलकं ढकलतो.
आकडेमोड मला येत नाही.
झोके तेवढे येतात.
परवा नवे सर डोकावले, म्हणाले, मामा, काय चाललंय?
चौऱ्याहत्तर झाले होते.
मी बोट वर केलं.