आप्पेपात्र

पाण्याच्या टाकीखालून आणलं तेव्हा
कळण्याच्या पिठाचा रंग,
राखाडी अंगावर उडदाचे काळे कण.
म्हणून कळण्या.
सहा भावंडांत शेवटचा, आणि आईला दूध चौघांपुरतं.

पहिल्या दिवशी दूध-भाकरी कुस्करून पितळीत ठेवली.
मी वळून तांब्या उचलेपर्यंत
पितळी कोरडी,
आणि ती ढकलत ढकलत तो पार कोपऱ्यात गेलेला.
मग पोट आत-बाहेर, आत-बाहेर, भात्यासारखं,
मान खाली, आणि सगळं परत.
भाकरीचे तुकडे जसेच्या तसे,
माझ्या बोटांचे ठसेही असतील त्यांवर.
मी फडकं आणायला गेले.
येते तर तेही त्याने पुन्हा खाऊन टाकलेलं.
किळस यायची होती, तिला वेळच मिळाला नाही.

तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी पिशवीत घालून,
तोंड तेवढं बाहेर,
रिक्षाने जामनेर रोडला, डॉक्टर भंगाळ्यांकडे.
त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं,
जंताचं औषध दिलं.
"ओकल्यावर उड्या मारतो ना? मग भिऊ नका.
मलूल पडला, पाणीही टिकेना, रक्त दिसलं,
तर रात्री बारालाही दार वाजवा.
बाकी ह्याला फक्त घाई आहे."

घाई.
तो शब्द मी घरी घेऊन आले, तर तो घरात आधीच होता.
पस्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड आमचे हे,
निवृत्तीचं सहावं वर्ष,
अजून आठ मिनिटांत जेवतात,
एक कान दाराकडे,
कॉलबॉयची सायकल वाजेल म्हणून.
आज भरतात काय काय होतं,
ते ह्यांना विचारू नये.

शेजारच्या इमलबाई अमळनेरकडच्या. कुंपणावरून म्हणाल्या,
"त्याले एकदम नको दिऊ वं माय, थोडं थोडं दे."
थोडं थोडं दिलं. घासाबरोबर बोटंही जायची.
मग पितळीत मधोमध तापीतला गोटा ठेवला,
भोवती भात.
दोन दिवस तो गोट्याला वळसे घालून जेवला,
तिसऱ्या दिवशी गोटाच उचलून बाहेर काढला.
हे हसले.
आवाज करून, बऱ्याच दिवसांनी.

शेवटी माळ्यावरून काढलं आप्पेपात्र,
सोलापूरच्या विहीणबाईंनी दिलेलं.
भुसावळात आप्पे खातं कोण?
बारा खळगे, प्रत्येकात चमचाभर मऊ खिचडी,
बोटाने तळाशी दाबून बसवलेली.
कळण्या आधी चक्रावला.
एका खळग्यात जीभ, डोळा दुसऱ्यावर,
जणू तिथून कुणी घेऊन पळेल.
कुणी आलं नाही.
तो पुन्हा पहिल्या खळग्याकडे गेला, तळ चाटला,
मग दुसरा. मग तिसरा.
त्याला चावताना मी पहिल्यांदा ऐकलं.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं फरशीवर बसून
त्याच्या पोटाकडे पाहत राहिलो.
कूलरचा आवाज, बाहेर छेचाळीस डिग्री,
यार्डात डबे आपटत होते.
पोट हललं नाही.
ते ऐन जेवणाच्या जागी आडवं झालं आणि झोपलं.

ह्यांनी उठून जुनी डायरी शोधली,
गाडीच्या वेळा लिहायचे ती.
मागची कोरी पानं.
१८.१० सुरू. १८.१७ समाप्त. उलटी निरंक.
दुसऱ्या दिवशी: १८.०५, १८.१४. निरंक.
एकदा: १८.२०, १८.२२. झाली.
पुढे बारीक अक्षरात, खिचडी पातळ होती, चूक आमची.

आता हे ताट घेऊन त्याच्याशेजारीच बसतात.
वेळ मोजायला, म्हणतात.
एका हातात घड्याळ, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा,
आणि कळण्या नवव्या खळग्यावर असताना
ह्यांची अर्धी भाकर अजून ताटातच.

काल पानं चाळली.
१८.०८ सुरू. १८.२१ समाप्त. निरंक.
त्याखाली एक ओळ जास्तीची,
वेळ न टाकलेली:
भरतात कांद्याची पात होती.