गुंड

आमच्याकडे गुंड म्हणजे पाण्याचं भांडं.
पितळेचा, आखूड गळ्याचा, चुंबळीवर नीट बसणारा.
मायनं मले लग्नात दिला,
काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरून :
रेवता दशरथ खंडारे.

त्या एप्रिलात टँकर अकरा दिवस आला नाही.
आम्ही एकोणीस बाया दारव्ह्याले पंचायत समितीत गेलो.
गुंड रिकामाच होता.
रिकाम्या भांड्याले आवाज जास्त,
एवढाच काय तो आमचा कट.

साहेबाच्या टेबलावर मी तो ठेवला.
ठेवला की आपटला,
ह्यावर पुढं सात वर्षं साक्ष चालली.

कागदावर मी आरोपी क्रमांक सात.
एकशे त्रेचाळीस, एकशे सत्तेचाळीस, तीनशे त्रेपन्न.
वकीलबाई ढेंगळे जिन्याच्या पायरीवर बसून
एकेक आकडा सोलून दाखवायच्या, शेंगेसारखा :
हा जमल्याचा. हा दंग्याचा.
हा सरकारी कामात आडवं आल्याचा.
कोणतं काम, बाई? साहेब तं चहा पीत होते.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
आरोप म्हणजे कोणीतरी म्हणलं.
गुन्हा म्हणजे कोर्टानं म्हणलं.
अन् मधात?
मधात तारखा.

नवे न्यायाधीश सांगलीकडचे.
पंचनामा वाचता वाचता थांबले :
"आरोपी सात, पितळी गुंड...
गुंड म्हणजे आरोपी, का वस्तू?"
"वस्तू, साहेब," ढेंगळेबाई म्हणाल्या.
पट्टेवालासुद्धा हसला.
मी हसली नाही. मले वाटलं,
हे कोणीतरी लिहून घ्यायले पाहिजे.

पुराव्याअभावी निर्दोष मुक्त.
निर्दोष समजलं. मुक्त समजलं.
अभावी म्हणजे काय, बाई?
म्हणजे त्यांच्याजवळ काही नव्हतं.
आमच्याजवळ पाणी नव्हतं, त्यांच्याजवळ पुरावा.
घरी आली, भाकरी टाकल्या, झोपली.

मग शाळेत खिचडी शिजवायची जागा निघाली.
चारित्र्याचा दाखला मागितला.
दाखल्यावर छापून आलं : गुन्हा नोंद आहे.
कॉम्प्युटरवरचा पोरगा चांगला होता.
म्हणे, काकू, तुमचा निकाल इथं चढलाच नाही.
गुन्हा त्याच दिवशी चढला होता, मोटारसायकलनं.
निकाल पायी निघाला असंल.

तवा मीच त्याले घेऊन गेली.
नक्कलेचा अर्ज, त्यावर तिकीट,
नक्कल मिळायले एकवीस दिवस,
यवतमाळच्या कचेरीत खिडकी चार,
मग खिडकी दोन, मग साहेब रजेवर.
एसटीचं तिकीट मी पदराच्या गाठीत जपून ठेवलं,
का कोण जाणे. हिशेब कोणाले द्यायचा होता?

मुद्देमालाच्या खोलीतून गुंडही सोडवला.
धूळ, लाखेची मोहोर, सुतळीले चिठ्ठी.
कारकून म्हणला, तुमचाच कशावरून?
काठावर वाचा, मी म्हणलं.
त्यानं चष्मा लावला,
गुंड उजेडाकडं फिरवत, अडखळत वाचलं :
रे-व-ता.
त्या इमारतीत माझ्या नंबराआधी माझं नाव
पहिल्यांदाच कोणी घेतलं.

चिंच लावली, राख लावली.
पितळ उजळलं. गळ्यावर लाखेचा डाग राह्यला.
शेजारीण अजून म्हणते, ते केसवाली.
म्हणू दे. मी दोनशे पोरांची खिचडी शिजवते.

पण आरोपी क्रमांक तीन, कासाबाई,
निकालाआधीच गेली.
तिच्या नावापुढं कोर्टानं एक ओळ लिहिली,
निर्दोष त्या ओळीत नाही.
मी पुन्हा खिडकी चारवर उभी राह्यली.
पोरगा म्हणला, काकू,
मेलेल्या माणसाले दाखला कायले लागते?

मी म्हणलं,
तू लिहून तं घे.