नमुना क्रमांक चार

महिन्याचा पहिला शनिवार. नेरूळ, नववा मजला,
तिरोडकरांचा हॉल. पाच माणसं, पंचवीस ग्लास,
प्रत्येक ग्लासाखाली पांढरा कागद
आणि बाटल्यांना पायमोजे घातलेले
(तिरोडकरांचेच. धुतलेले, असं ते म्हणतात).
लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते.
म्हणून नाव नाही, गाव नाही, वय नाही.
नुसता क्रमांक.

वही माझ्याकडे.
एकतीस वर्षं बारावीचं रसायनशास्त्र शिकवलं,
बोर्डाचे गठ्ठे तपासले,
अर्ध्या गुणासाठी रडणारी मुलं पाहिली, त्यांचे बाप पाहिले.
आता अर्ध्या गुणासाठी मीच कुंट्यांशी भांडते.
पर्समध्ये आजीव परवाना आहे:
प्रकृती राखण्यासाठी मद्य बाळगण्यास मुभा.
प्रकृती बरी आहे.

रंगाला वीस. वासाला तीस. चवीला तीस.
घोट उतरल्यावर मागे काय उरतं, त्याला वीस.
पिपेटनं तीन थेंब मोरब्याचं पाणी.
"थांबा, उघडू दे," म्हणत कुंटे घड्याळ लावतात.

क्रमांक एक: मध, नाशपाती, हेदरची फुलं.
हेदर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.
पुस्तकात आहे म्हणून लिहितो.
माझे विद्यार्थीही असंच करायचे.
दोन: मनुका, संत्र्याची साल, बंद कपाट. चौऱ्याऐंशी.
तीनवर फार वेळ गेला नाही.

चार.
"टिंक्चर आयोडीन," कुंटे.
"जळकी वायर," तिरोडकर.
"इस्पितळ," असं कुणीतरी, आणि सगळे हसले.
मी लिहिलं: धूर, मीठ, आणि
पेन तिथंच अडलं.

स्वयंपाकघरातून हरेश्वर भगत हात पुसत आले.
सारसोळ्याचे. सिंकच्या नळाचा वॉशर बदलायला आलेले.
"घ्या भगत, तुम्हीही सांगा काहीतरी,"
तिरोडकरांनी चहाच्या ग्लासात दोन बोटं ओतली.
ते उभ्यानंच वास घेत राहिले.
आम्ही इतका वेळ कधी घेत नाही,
घड्याळ लावूनसुद्धा.

"यो त आमचे उघारीचा वास," ते म्हणाले.
"सुकतीचे टायमाचा.
बापूस रातचा बांदावर बसायचा, ओला पेंढा पेटवून.
चिखल, खारं पानी, धूर.
सकाली अंगाला पन हाच वास."
"कुठं हो हे?"
"तुमी बसलाव ना, त्याचे खाली."

एसीचा आवाज एकदम मोठा झाला.
कुंट्यांनी ग्लास कागदावर परत ठेवला,
आधीच्याच ओल्या गोलावर, नेमका.

"मग भगत, गुण किती? शंभरपैकी."
"पास कितीला?"

चार वर्षांत हे आम्हाला सुचलंच नव्हतं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
"पस्तीसला," मी म्हणाले.
"मंग पास करा. जाऊ दे पुढं."
अर्धा ग्लास तसाच ठेवला. "स्कूटर हाय."
वॉशर, मजुरी मिळून दोनशे ऐंशी.
सुटे तिरोडकरांकडे नव्हते, मी दिले.

पाचव्याची चव कुणाला आठवत नाही.
वहीत सत्त्याऐंशी लिहिलेत, बहुतेक मीच.

सकाळी तिरोडकरांचा फोन:
"ग्लास दोनदा धुतले, चार नंबरचा वास जात नाही.
तुम्ही केमिस्ट्रीवाल्या, सांगा."
उत्तर मला येत होतं. सोडा, कोमट पाणी, दहा मिनिटं.
"राहू दे," म्हणाले, "खिडकीत उपडे घाला."

मग वही उघडली.
नमुना क्रमांक चार. वास: धूर, मीठ, आणि
पुढे उघाडी लिहिलं. खोडलं. उघारी लिहिलं.
गुणांचा रकाना तसाच ठेवला.
बोर्डानं मला हे कधीच करू दिलं नसतं.

माझी खिडकीही खाडीकडेच आहे.
सतरा वर्षं इथं राहते.
उघडून पाहिलं:
भरती होती की सुकती,
सांगता आलं नाही.