वाव

परीक्षा अकराला, ढाक्यात.
आणि पहाटे साडेतीनला आमची लाँच
मेघनेतल्या कुठल्याशा वाळूच्या पाठीवर चढून बसलेली.
डेकवर माणसं गोधड्यांत, कोंबड्यांच्या पाट्या,
एक नवी नवरी, उलट्यांनी गळालेली, सासूच्या मांडीवर.
जागी मी. माझ्या मांडीवर झेरॉक्सचं पुस्तक,
पान एकशे बारा : पाण्यावरचे वाक्प्रचार.

‘मिस द बोट’ : संधी हुकणे.
बोटीत बसूनच बोट हुकतेय माझी,
हे कुठल्या पर्यायात घालू? अ, ब, क की ड?

‘बर्न युअर बोट्स’ : परतीची वाट न ठेवणे.
हा अब्बांना बोरिशाल सोडतानाच वाचून दाखवलेला.
जाळतात? कुणाची?
लाकडाचा भाव माहीत नसणार त्यांना, म्हणाले,
आणि दोर गुंडाळायला गेले.

‘लॅकोनिक’ : मोजकं बोलणारा.
हा एक शब्द मला पाठ करावा लागला नाही.

धुकं. ‘युबिक्विटस’ म्हणू त्याला, जाऊ दे.
नाळेवर अब्बा, अनवाणी.
खोली मोजायचं यंत्र मागच्या ईदपासून बंद,
म्हणून शिसं बांधलेला दोर पाण्यात सोडतात,
वर ओढतात, ओला दोर छातीशी धरून
दोन्ही हात पसरतात, या बोटापासून त्या बोटापर्यंत,
आणि वर सारंगाला ओरडून सांगतात :
एक वाव!
पुन्हा सोडतात. पुन्हा पसरतात.
एकच!

थंडीनं पानं चिकटलेली. उलटता उलटता एफ आला.
‘फॅदम’, क्रियापद : थांग लावणे, उमगणे.
खाली बारीक अक्षरांत, जिथे क्लासच्या सरांनी
पेन्सिलनं ‘येत नाही, सोडा’ लिहिलंय :
नाम. पाण्याची खोली मोजण्याचं माप.
मुळात, पसरलेले दोन हात.

अब्बा, मी हाक मारली,
तुम्ही करताय त्याला इंग्रजीत शब्द आहे!
त्यांनी मान वळवली नाही.
पगार लिहिलाय का पुढे?
मग थोड्या वेळानं : मुर्शिदा, शाल घे.

पाच दहाला भरती लागली.
दीड. पावणेदोन. दोन वाव!
आणि पोटाखालून वाळू सुटल्याचा तो आवाज,
दाढ उपटावी तसा.

सदरघाटला फळी पडायच्या आत सगळी गर्दी लोटली,
पाट्या, बोचकी, नवरीची पेटी.
अब्बा फळीच्या तोंडाशी उलटे उभे राहिले
आणि दोन्ही हात पसरले.
शिव्या खाल्ल्या. हलले नाहीत.
एक वाव जागा झाली. मी काखेखालून वाकून निघाले,
मागे वळून बघायला वेळ नव्हता. खरंच नव्हता.

पेपरात पांढरा हत्ती आला.
‘फॅदम’ नाही.
सरांचं बरोबर निघालं.