मुदत

डंडीत सकाळी टे नदीवरून धुकं चढतं,
तेव्हा मी तळमजल्यावर डोळे धुवायचे नळ सोडून बघते.
तीन मिनिटं. आधी तांबूस, मग स्वच्छ.
वहीत सही.

व्हारी ओरडते, आली रे, चष्मे लावा!
पोरं हसतात. हसू देत.
फ्यूम हूडची काच चार बोटं जास्त वर होती,
मी न बोलता खाली ओढली.

रात्री आई फोनवर विचारते, आज काय झालं?
काही नाही, म्हणते मी.
तिला वाटतं, लेक लपवते.

हायड्रोफ्लोरिक आम्लापासून हाताच्या अंतरावर
मलमाची एक ट्यूब असते.
हे आम्ल लगेच दुखत नाही;
दुखतं, तोवर हाडाशी गेलेलं असतं.
मुदत संपली की ट्यूब टाकायची, नवी ठेवायची.
नियम माझाच. मी टाकत नाही.
खालच्या खणात अकरा पडून आहेत,
एकीचंही सील फुटलेलं नाही.

खरं तर बारा हव्यात.
एक व्हारीच्या अंगठ्यावर संपली,
मार्चमधल्या एका शुक्रवारी, पावणेपाचला.

आता जिन्यात भेटली की
ती मला तोच अंगठा दाखवते.
इथे त्याचा अर्थ वेगळा होतो.