डबा, रिकामा, एक

शनिवारी रात्री आवृत्ती बदलली.
बाराला पाच मिनिटं होती. खराडीच्या चौथ्या मजल्यावर
एसी बंद, अफरीन आणि मी
आणि तिच्या डब्यातली उरलेली दोन कटलेट.
सगळ्या चाचण्या हिरव्या. घरी गेलो.

सोमवारी शुक्रवार पेठेतून पानसेबाईंचा फोन:
"आमच्या पतसंस्थेचे सगळे सभासद
एका दिवसाने म्हातारे झालेत.
तुम्ही काही केलंत, की आपोआप?"
बाई आवाज कधी चढवत नाहीत.
म्हणून जास्त लागतं.

हे तासाभरात सापडलं.
जुनी सर्व्हिस तारीख नुसती तारीख म्हणून पाठवायची.
नवी आधी तिच्या मनगटाला घड्याळ बांधते,
मग तिला ग्रीनिचला नेते;
पंधरा मार्चची मध्यरात्र
चौदाच्या संध्याकाळी साडेसहाला उतरते,
आणि पलीकडचा प्रोग्रॅम वेळ टाकून देतो,
चौदा तेवढे ठेवून घेतो.
सेटिंगमध्ये एक ओळ. जो तो आपापल्या दिवशी जन्मला.

दुपारी परत फोन.
"काही खाती उघडतच नाहीत. दोनशे बारा. मोजलीत मी."

लॉगमध्ये चूक अशी दिसेना.
निघालेलं निघालं होतं, पोचलेलं पोचलं होतं,
मधेच कुठेतरी कुणीतरी रुसलं होतं.
चहा झाला, दुसरा झाला,
मी लायब्ररीला शिव्या घातल्या, मग माझ्या साहेबाला.
अफरीनने जुनं उत्तर आणि नवं उत्तर
शेजारी शेजारी लावलं, स्क्रीनवर बोट ठेवून
खाली खाली सरकत गेली.
"सर, इथे एक ओळ कमी आहे."

वारसदार.
जुन्यात होती: उघडणारा टॅग, मिटणारा टॅग, मध्ये काही नाही.
नव्यात ओळच नाही.
नव्या आवृत्तीचं म्हणणं, जे नाहीच ते कशाला बांधून द्यायचं?
आणि पलीकडचा बसलाय त्या ओळीची वाट बघत.
दोनशे बारा माणसं,
सगळी तो रकाना कोरा सोडलेली.

दादा कॅम्पातल्या पोस्टाबाहेर पार्सलं शिवून द्यायचे.
दाभण, मांजरपाट, लाख.
शिवायच्या आधी आत ठेवायची यादी
ते बोलायचे, मी लिहायचो. तिसरीत असेन.
स्वेटर, लोकरीचा, एक. मेतकूट, पुडी, दोन.
एकदा एक बाई सासूचा लाडवांचा डबा परत धाडत होती.
मी लिहिला नाही. त्यात काही नव्हतंच.
दादांच्या ते शेवटच्या टाक्याला लक्षात आलं.
सगळे टाके उसवले, गिऱ्हाईक ताटकळत,
आणि म्हणाले, लिही: डबा, रिकामा, एक.
नाहीतर उघडणारा म्हणेल, वाटेत काढून घेतलं.

हे मी अफरीनला सांगितलं, जरा लांबवूनच.
ती म्हणाली, "म्हणजे डीफॉल्ट बदलायचा ना, सर?"
हो. तेवढंच.
रिकामं असलं तरी लिही.

नऊ वीसला चढवलं. बाई अजून शाखेतच होत्या.
"उघडली. दोनशे अकरा."
आणि एक?
"ते गृहस्थ दुपारी स्वतः आले.
खातं का उघडत नाही म्हणून भांडले,
मग फॉर्म मागितला आणि रकाना भरून गेले."
कुणाचं नाव लिहिलं?
"ते तुम्हाला कशाला?" म्हणाल्या, आणि फोन ठेवला.